जिना पुन्हा सुरू करण्याआधी तो तपासला कोणी?

ठाणे आणि नवी मुंबईतल्या सर्व मॉलच्या व्यवस्थापनांना, आणि त्यातही ज्यांचं उत्तर आज माझ्यासमोर टेबलावर आहे त्या एका व्यवस्थापनाला,

स. न. वि. वि.

तुमचं पत्र पोचलं. वर जावक क्रमांक आहे, खाली सही-शिक्का आहे आणि मधे तीन वाक्यं आहेत. सरकता जिना सुस्थितीत होता. मूल कडेला उभं होतं आणि सोबतच्या मोठ्या माणसाचं त्याच्याकडे लक्ष नव्हतं. त्यामुळे व्यवस्थापनावर कोणतीही जबाबदारी येत नसून हे प्रकरण बंद करण्यात येत आहे.

सोबतचा मोठा माणूस म्हणजे मी. ते मूल माझी नात, वय वर्षं चार. तिच्या उजव्या पायाचा अंगठा तुमच्या जिन्याची पायरी आणि बाजूचा पत्रा यांच्यामधल्या फटीत ओढला गेला, तेव्हा तिचा डावा हात माझ्या मुठीत होता.

मॉलचं नाव मी इथे लिहीत नाही. जिथे नावानिशी तक्रार द्यायची तिथे ती दिली आहे आणि तिचा निकाल तिथेच लागेल. तरीही हे पत्र चारचौघांत लिहितो आहे, कारण असाच जिना तुमच्या शेजारच्या मॉलमध्ये आहे, खाडीपलीकडे वाशी-नेरुळकडच्या मॉलमध्ये आहे, आणि दर शनिवार-रविवारी त्यावर शेकडो पोरं चढतात-उतरतात. त्यांच्या आईवडिलांना हे कळायला हवं, आणि प्रकरण बंद करायचा अधिकार तुम्हाला कोणी दिला हेही मला सगळ्यांसमोर विचारायचं आहे.

आधी माझ्याबद्दल. मी आयटीआय झालेला फिटर. ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका कारखान्याच्या मेंटेनन्स खात्यात माझी सगळी नोकरी झाली. कन्व्हेयर, गिअरबॉक्स, पंप, पूली यांच्यातच आयुष्य गेलं. त्यामुळे सरकता जिना मला कधी जिना वाटलाच नाही. मोटर आहे, गिअरबॉक्स आहे, दोन अंगांनी फिरणाऱ्या साखळ्या आहेत आणि त्या साखळ्यांना पायऱ्या जोडलेल्या आहेत. माणसं वाहून नेणारं यंत्र आहे ते, सेकंदाला साधारण अर्धा मीटर वेगाने चालणारं. तुम्ही त्याच्या बाजूला काच लावता, दिवे लावता, सणासुदीला फुलांच्या माळा सोडता. यंत्र त्याने यंत्रच राहतं.

या यंत्रात पायरी हलते आणि बाजूचा पत्रा, ज्याला स्कर्ट म्हणतात, तो जागचा हलत नाही. हलणारं आणि न हलणारं जिथे शेजारी येतं तिथे फट ठेवावीच लागते, नाहीतर पायरी घासेल. ही फट किती असावी ते मात्र ठरलेलं आहे. ईएन ११५ हे युरोपीय मानक सांगतं की एका बाजूला जास्तीत जास्त ४ मिलिमीटर, आणि दोन्ही बाजूंची मिळून ७ मिलिमीटरच्या वर नाही. आपल्याकडेही सरकत्या जिन्यांसाठी आयएस ४५९१ हे भारतीय मानक आहे. फटीपासून पाऊल लांब राहावं म्हणून स्कर्टच्या वरच्या बाजूला, जिन्याच्या पूर्ण लांबीभर, दोन्हीकडे ब्रश लावतात. ते काळे केस बूट पुसायला आहेत असं बऱ्याच जणांना वाटतं. मुलं तर मजेने त्यांना बूट घासतात. खरं तर तो यंत्राचा गार्ड, म्हणजे संरक्षक आडोसा आहे.

तुमच्या जिन्यावर उजव्या बाजूचा ब्रश अर्ध्यावर संपलेला होता. पुढे पत्र्यात स्क्रूची नुसती भोकं. माझ्या मुलाने त्याचे फोटो काढले आहेत. भोकांच्या कडा काळवंडलेल्या आहेत, आत धूळ बसलेली आहे. आदल्या दिवशी निघालेल्या पट्टीची भोकं अशी दिसत नाहीत, हे कुठलाही फिटर फोटो बघून सांगेल. ब्रश जिथे संपत होता त्याच्या जरा पुढेच नातीचा पाय गेला.

तिच्या पायात मऊ रबरी क्लॉग्ज होते, हल्ली बहुतेक मुलांच्या पायात असतात तसे. हे रबर पत्र्याला टेकलं की घसरत नाही, धरून ठेवतं. पत्रा जागेवर, पायरी पुढे. मधलं रबर ताणलं जातं, पातळ होतं आणि फटीत शिरतं. त्याच्या मागोमाग बोट जातं. हा धोका काही आज उमगलेला नाही. अमेरिकेच्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाने २००८ सालीच याबद्दल जाहीर इशारा दिला होता. जानेवारी २००६ पासून तोवर अशा मऊ पादत्राणांच्या ७७ घटना त्यांच्याकडे नोंदल्या गेल्या होत्या आणि त्यातल्या निम्म्यांत इजा झाली होती. तुमच्या तळमजल्यावरच्या दुकानात हेच क्लॉग्ज विकायला मांडलेले आहेत. जिन्यापाशी त्याबद्दल एक ओळ लिहावी असं कोणाच्या मनात आलं नाही.

आता झालं काय ते सांगतो. शाळा सुरू व्हायच्या आधीचा शनिवार होता. नातीसाठी रेनकोट घेतला आणि आम्ही वरच्या मजल्यावर निघालो. आधी तिचा पाय नुसता अडकल्यासारखा झाला. मला वाटलं क्लॉग निघाला असेल. पुढच्या क्षणी ती जे ओरडली ते मी इथे लिहू शकत नाही. मी तिला एका हाताने उचलून धरलं, दुसऱ्या हाताने पायरीवर आधार घेतला आणि ओरडलो, ‘लाल बटण दाबा!’ सरकत्या जिन्याच्या वरच्या आणि खालच्या टोकाला थांबवण्याचं बटण असतं, हे मला माहीत होतं. अडकलेलं पाऊल पायरीबरोबर वर चाललं होतं आणि वर जिथे पायरी जमिनीखाली जाते तिथे कंगव्याच्या दात्यांची पट्टी असते. तिथपर्यंत पाऊल गेलं असतं तर आज मी अंगठ्याबद्दल बोलत नसतो, अख्ख्या पावलाबद्दल बोलत असतो.

खाली तुमचा गार्ड उभा होता. विशी-बाविशीचा पोरगा. तो धावला, पण कुठे धावायचं ते त्याला कळेना. बटणाच्या अगदी पुढ्यात सेलच्या जाहिरातीचा उभा फलक ठेवला होता, कमरेएवढा उंच. बटण त्याच्या मागे, गुडघ्याच्याही खाली. शेवटी वरून उतरणाऱ्या शेजारच्या जिन्यावरचा एक जण उडी मारून खाली आला, त्याने तो फलक लाथेने आडवा केला आणि बटण दाबलं. त्या माणसाचं नावसुद्धा मला विचारता आलं नाही. हे वाचत असेल तर त्याने मला भेटावं, एवढीच इच्छा आहे.

जिना थांबला, पण पाय निघेना. तुमच्याकडे टेक्निशियन नव्हता. देखभाल करणाऱ्या एजन्सीला फोन लावला तर त्यांचा माणूस दुसऱ्या साइटवर होता. कपड्यांच्या दुकानातली एक मुलगी कापड कापायची मोठी कात्री घेऊन आली आणि पायरीवर गुडघे टेकून तिने तो क्लॉग थोडा थोडा कापून काढला, तेव्हा पाय सुटला. प्रथमोपचाराच्या खोलीला कुलूप होतं, किल्ली कुणाकडे ते शोधण्यात वेळ गेला. आम्ही थांबलो नाही, रिक्षाने निघालो.

नातीच्या अंगठ्याच्या टोकाचा भाग गेला आहे. पुढच्या हाडाला तडा होता, बारीक तार घालून ते बसवलं. नखाखालची जागा चिरडली, तिथे दुसरीकडची त्वचा आणून लावली. शेजारच्या बोटाला टाके आहेत. नख पुन्हा येईल की वेडंवाकडं येईल, हे आज सांगता येत नाही असं डॉक्टर म्हणतात. त्याहून मोठी काळजी त्यांनी वेगळी सांगितली. मुलांच्या बोटाच्या हाडात बुडाशी वाढीची पट्टी असते, तिला मार बसला असेल तर पाय वाढेल तसा अंगठा आखूड राहू शकतो किंवा वाकू शकतो. हे आज एक्स-रे काढून ठरत नाही. वर्षानुवर्षं बघत राहावं लागतं, कदाचित पुन्हा शस्त्रक्रिया लागते. आमच्या इमारतीचा साधा दगडी जिनाही ती आता बसून उतरते, एकेक पायरी, दोन्ही पाय पोटाशी घेऊन. सून ऐरोलीला नोकरी करते, तिने बिनपगारी रजा टाकली आहे. हे सगळं ‘प्रकरण बंद’ या दोन शब्दांत कुठे बसवायचं ते मला सांगा.

आता तक्रारी. राग आहे, तो लपवत नाही, पण अपशब्द एकही लिहिणार नाही. तुम्ही मुद्द्याला मुद्द्याने उत्तर द्यावं.

सगळ्यात मोठी तक्रार ही की जिना त्याच संध्याकाळी पुन्हा चालू झाला. माझा मुलगा रात्री नातीची राहिलेली पिशवी आणायला आला तेव्हा त्यावरून लोक जात होते. त्याच फटीवरून, त्याच अर्ध्या ब्रशशेजारून. रक्त तेवढं पुसलेलं होतं. दुसऱ्या दिवशी रविवार, गर्दीचा. माझ्या नोकरीच्या काळात कारखाने अधिनियम, १९४८ लागू होता. यंत्राच्या फिरत्या भागाला पक्कं कुंपण हवं, असं त्याचं कलम २१ सांगायचं. कामगाराला अशी इजा झाली आणि तो ४८ तास कामावर येऊ शकला नाही, की कारखाने निरीक्षकाला खबर जायची. माल चढवायची साधी लिफ्ट, तीसुद्धा दर सहा महिन्यांनी सक्षम व्यक्तीकडून तपासून रजिस्टरला नोंद करावी लागायची. आणि कायदा बाजूला ठेवला तरी आमचा एक रिवाज होता. यंत्राने माणूस दुखावला की मेन स्विच पाडायचा, त्याला कुलूप घालायचं, लाल पाटी लटकवायची आणि कारण सापडून सही होईपर्यंत मालक स्वतः आला तरी कुलूप काढायचं नाही. प्रॉडक्शन बुडालं तर बुडालं. आमच्याकडे यंत्राजवळ येणारा माणूस जाणता होता, पगारी होता, त्याच्या पायात सेफ्टी शूज होते. तुमच्या यंत्राजवळ चार वर्षांची मुलं येतात. मग कुलूप तुमच्याकडे का नाही? जिना पुन्हा चालू करायचा निर्णय कोणी घेतला, काय तपासून घेतला, आणि त्याची सही कुठे आहे?

तुमच्या पत्रात जिना ‘सुस्थितीत’ होता असं आहे. कशावरून? फट कोणी मोजली? फिलर गेज, म्हणजे फट मोजायच्या पातळ पात्या, लावून मोजायला पाच मिनिटं लागतात. बऱ्याच जिन्यांच्या स्कर्टमागे एक सुरक्षा स्विच असतो. फटीत काही अडकून पत्रा दाबला गेला की जिना आपोआप थांबतो. तुमच्या जिन्यात तो आहे का? असेल तर त्या दिवशी का चालला नाही? नसेल तर ‘सुस्थिती’ हा शब्द कशाच्या जोरावर लिहिला? मी देखभालीचं लॉगबुक मागितलं. एजन्सीकडे आहे म्हणालात. एजन्सीला विचारलं तर त्यांनी सांगितलं, आमचा करार मॉलशी आहे, बाहेरच्या माणसाला कागद दाखवता येत नाहीत. बाहेरचा माणूस मी कसा, हे मला अजून समजलेलं नाही.

त्यानंतर दवाखान्यात तुमचे एक अधिकारी आले. नातीसाठी खेळणं आणलं, बोलले नीट. निघताना पाकीट पुढे केलं आणि एक कागद. रक्कम बिलाच्या निम्मीही नव्हती. कागदावर लिहिलं होतं की ही रक्कम सदिच्छा म्हणून स्वीकारत आहोत आणि भविष्यात कोणताही दावा करणार नाही. ज्या मुलीच्या अंगठ्याचं पुढे काय होणार हे डॉक्टरांनाही सांगता येत नाही, तिच्या वतीने तिच्या आईने अशा कागदावर सही करावी, ही अपेक्षाच मला गैर वाटते. आम्ही सही केली नाही. त्यानंतरच तुमची भाषा बदलली आणि ‘लक्ष नव्हतं’ हे वाक्य आलं.

या वाक्याबद्दल थोडं अधिक बोलतो, कारण ते मी पुष्कळ जणांच्या तोंडून ऐकलं आहे, आणि इतर आईबापांनाही ते नेहमी ऐकावं लागतं. मूल पडलं, भाजलं, अडकलं, की पहिला प्रश्न ‘तुमचं लक्ष कुठे होतं?’ लक्ष किती द्यायचं याला माणसाची मर्यादा आहे. मी तिचा हात धरला होता, तिला आपल्या बाजूला घेतलं होतं, पण तिच्या पायाचं पुढचं टोक आणि पत्रा यांच्यातलं अंतर मी डोळ्यांनी मोजू शकत नाही. ते मोजायचं काम तुमचं आहे, तेही मी येण्याआधी. ब्रश, स्विच, बटण हे सगळं माणसाची नजर क्षणभर ढळणार हे गृहीत धरूनच बसवलेलं असतं. भारतीय न्याय संहितेच्या कलम २० नुसार सात वर्षांखालच्या मुलाचं कोणतंही कृत्य गुन्हा ठरत नाही. फौजदारी कायदा ज्या वयाला दोष देत नाही, त्या वयाच्या मुलीवर ‘कडेला उभी होती’ हा दोष तुम्ही सही-शिक्क्यानिशी ठेवला आहे. पिवळ्या रेषेच्या आत उभं राहा, अशी सूचना लावल्याचंही तुमचे अधिकारी सांगतात. ती सूचना इंग्रजीत आहे, माझ्या छातीच्या उंचीवर आहे, आणि माझी नात अजून ‘क’ला काना द्यायला शिकते आहे.

आणखी एक गोष्ट, जी तुमच्या पत्रात नाही. त्या गार्डला तुम्ही कामावरून काढलंत. तो पोरगा नातीची चौकशी करायला आमच्या घरी कळव्याला आला होता, तेव्हा कळलं. कंत्राटदाराने त्याला दुसऱ्याच दिवशी येऊ नको म्हणून सांगितलं. बटण कुठे आहे हे त्याला कोणी दाखवलंच नव्हतं. त्याला सांगितलेली कामं दोनच: जिन्यावर खेळणाऱ्या मुलांना हटकायचं आणि ट्रॉली वर जाऊ द्यायची नाही. बटणापुढे फलक ठेवणारा, प्रशिक्षणाचा खर्च वाचवणारा, ब्रशची पट्टी मागवायला चालढकल करणारा यांच्यापैकी कोणाची नोकरी गेली? आमच्या घराला त्या पोराबद्दल काडीचीही तक्रार नाही. त्याला परत घ्या.

कायद्याचं म्हणाल तर मी वकील नाही, पण या निमित्ताने बरंच वाचलं आणि वकिलांनाही विचारलं. महाराष्ट्रात १९३९ पासून लिफ्टसाठी कायदा होता. सरकते जिने आणि सरकते पट्टे यांनाही कक्षेत घेणारा नवा कायदा राज्याने २०१७ साली केला. त्यामुळे परवाना, ठरावीक काळाने तपासणी आणि अपघाताची निरीक्षकाला खबर या गोष्टी तुमच्या मर्जीच्या राहिलेल्या नाहीत. ‘मॉलमध्ये फिरायला येणारा आमचा ग्राहक नव्हे, तो दुकानाचा ग्राहक’ असं तुमच्या अधिकाऱ्यांनी तोंडी सांगितलं. त्या दिवशीची रेनकोटची पावती आणि तुमच्याच नावाची पार्किंगची पावती, दोन्ही माझ्याकडे आहेत. उपचाराच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९८ साली सांगितलं की सेवा घेतलेलं मूल आणि त्याचे आईवडील, दोघंही ग्राहक ठरतात. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे तक्रारीला दोन वर्षांची मुदत आहे. म्हणजे तुम्ही बंद केलेलं प्रकरण कायद्याच्या दृष्टीने उघडंच आहे.

ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने रस्त्यावरचे खड्डे आणि उघडी मॅनहोल यांच्याबाबत आदेश दिला: मृत्यू झाला तर कुटुंबाला ६ लाख रुपये, जखमीला इजेप्रमाणे ५० हजार ते अडीच लाख. तो आदेश रस्त्यांपुरता आहे, हे मला ठाऊक आहे. पण ज्याची जागा त्याची जबाबदारी, हे तत्त्व रस्त्याला लागतं आणि तुमच्या चकचकीत फरशीला लागत नाही, असं कोणता शहाणा माणूस म्हणेल? ठाणेकरांना अजून आठवत असेल, सप्टेंबर २०२३ मध्ये बाळकुमला काम चालू असलेल्या इमारतीची लिफ्ट कोसळून सात कामगार गेले. तेव्हा आपण सगळे हळहळलो. माणूस वाहून नेणाऱ्या यंत्राची देखभाल या शहरात इतकी स्वस्त का समजली जाते, हा प्रश्न तेव्हाच नेटाने लावून धरायला हवा होता.

आमच्या मागण्या साध्या आहेत.

१. अपघात झालेला जिना आजच बंद करा. विद्युत निरीक्षकांसमोर आणि आमच्यापैकी एकासमोर त्याच्या प्रत्येक पायरीची दोन्ही बाजूंची फट मोजा, मापं कागदावर उतरवा, सुरक्षा स्विच आणि बटणं चालवून दाखवा. दोन्ही बाजूंना पूर्ण लांबीचे ब्रश लागल्याशिवाय तो चालू करू नका.

२. अपघाताआधीच्या वर्षभराचं देखभालीचं लॉगबुक, एजन्सीबरोबरचा करार, परवाना आणि शेवटचा तपासणी अहवाल यांच्या प्रती द्या. या जिन्यासाठी विमा उतरवला आहे का आणि कोणत्या कंपनीचा, हे लेखी कळवा.

३. त्या दिवसाचं सीसीटीव्ही चित्रण जपून ठेवा. ते जपावं असा लेखी अर्ज आम्ही सुरुवातीलाच दिला आहे, पोच माझ्याकडे आहे. चित्रण पुसलं गेलं असं उत्तर चालणार नाही.

४. ‘सोबतच्या माणसाचं लक्ष नव्हतं’ हे वाक्य लेखी मागे घ्या. मला स्वतःसाठी ते नको आहे. नात मोठी झाल्यावर हे कागद वाचेल, आणि आपल्या पायाचा दोष आपल्यावर किंवा आजोबांवर होता असं तिने एका मॉलच्या लेटरहेडवर वाचू नये.

५. आजवरचा सगळा उपचारखर्च आणि तिच्या आईचा बुडालेला पगार भरून द्या. पायाची वाढ पूर्ण होईपर्यंत जी तपासणी आणि शस्त्रक्रिया लागेल तिची हमी करारावर द्या. एकरकमी देऊन हात झटकणारा कागद पुन्हा पाठवू नका.

६. गार्डला कामावर घ्या, आणि प्रत्येक पाळीतल्या प्रत्येक गार्डला जिना थांबवायला शिकवा. नुसतं सांगून नव्हे, हाताने बटण दाबायला लावून.

यापुढचं सगळ्याच मॉलच्या व्यवस्थापनांसाठी. बटणासमोर फलक, कुंडी, खुर्ची, काहीही ठेवू नका. जिन्याच्या तोंडाशी मराठीत आणि चित्रातून, मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर सूचना लावा: मधे उभं राहा, मऊ रबरी चपला असतील तर उचलून घ्या किंवा लिफ्टने जा. मॉल उघडा असेपर्यंत पाय सोडवू शकणारा एक टेक्निशियन आवारात हवाच. प्रथमोपचाराची खोली उघडी हवी. आणि अपघाताची नोंदवही ठेवा, ज्यात जखमीच्या माणसाला स्वतःच्या हाताने लिहिता येईल आणि त्याची प्रत लगेच मिळेल. गेल्या काही वर्षांत तुमच्या जिन्यांवर किती मुलांना लागलं, हे आज तुमच्यापैकी कोणीही सांगत नाही. नोंदच नसेल तर पुढच्या वेळी ‘असं पहिल्यांदाच घडलं’ म्हणायला तुम्ही मोकळे राहता.

आणि वाचणाऱ्या आईबापांना, आजी-आजोबांना एवढंच सांगतो. असं काही झालं तर आधी मुलाला दवाखान्यात न्या, पण घरातल्या दुसऱ्या कोणाला तरी लगेच जागेवर पाठवा. फोटो काढा, चप्पल फेकू नका, पावत्या जपा, दवाखान्यात मेडिको-लीगल, म्हणजे पोलिसांपर्यंत जाणारी, नोंद करायला लावा, सीसीटीव्हीसाठी त्याच दिवशी अर्ज देऊन पोच घ्या. नातीचा कापलेला क्लॉग आम्ही कागदी पिशवीत घालून ठेवला आहे. आणि घाईघाईत पुढे केलेल्या कागदावर सही करू नका, समोरचा कितीही गोड बोलला तरी.

या पत्राची प्रत विद्युत निरीक्षकांच्या कार्यालयाला आणि स्थानिक पोलीस ठाण्याला दिली आहे. वर मागितलेलं मिळालं नाही तर ठाणे जिल्हा ग्राहक आयोगात जाऊ. कागद तयार आहेत. उत्तर लेखी द्या, माझा पत्ता तुमच्या जावक रजिस्टरला आहेच. जिना मोजायचा दिवस ठरला की कळवा. मी येतो. फिलर गेज माझा स्वतःचा आहे, तो घेऊन येतो.

आपला,
एका चार वर्षांच्या मुलीचा आजोबा
कळवा, ठाणे